पांढऱ्या रश्श्याच्या कसोटीवर ‘टिरो देवनागरी मराठी’

कोल्हापुरात फाँट तपासायला एक ओळ पुरते: ‘पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या, आजऱ्याचा घनसाळ, गडहिंग्लजच्या विद्यार्थ्यांचे वाङ्मय आणि ॲपे रिक्षाचे उद्घाटन.’ अर्थ शोधत बसू नका. मराठी फाँट जिथे जिथे तोंडावर पडतो ती सगळी ठिकाणे या ओळीत आहेत: ऱ्य, श्श्य, ग्ल, र्थ्य, ङ्म, ॲ, द्घ. शिवाय मराठी वळणाचा ल आणि श. ‘अआइईकखगघ’ लिहून फाँट पसंत करणे म्हणजे नुसता रंग बघून मिसळ घेण्यासारखे आहे.

याच ओळीवर घासून ‘टिरो देवनागरी मराठी’ या फुकट मिळणाऱ्या फाँटचे परीक्षण करायचे आहे. निकाल आधीच सांगून टाकू: पुस्तक, स्मरणिका, प्रबंध आणि सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल यांच्या मजकुरासाठी सध्या फुकटात मिळणाऱ्यांत हा पहिल्या रांगेतला फाँट आहे. मथळ्यांसाठी आणि डिजिटल फलकांसाठी मात्र तो घेऊ नये. त्याची कारणे पुढे येतीलच. त्याआधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. ‘फाँट बिघडला’ म्हणून ज्या तक्रारी येतात त्यांतल्या निम्म्याहून अधिक फाँटच्या नसतातच. त्या अक्षरांच्या क्रमांकांच्या असतात, म्हणजे युनिकोड या जागतिक मानकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या आणि संगणक ज्याने अक्षर ओळखतो त्या क्रमांकांच्या. आकार फाँट देतो, अक्षर कोणते ते क्रमांक ठरवतो. हा फरक लक्षात आला नाही तर कितीही चांगला फाँट आणा, सभासद यादीत ‘कुऱ्हाडे’ आडनाव शोधून सापडायचे नाही.

हा फाँट टिरो टाइपवर्क्स या कॅनडातल्या संस्थेचा. या घराण्याचे मूळ हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया या अभिजात भारतीय ग्रंथांच्या मालिकेसाठी करून घेतलेल्या अक्षरांत आहे. जॉन हडसन आणि फिओना रॉस ही त्यामागची नावे. गूगल फाँट्सवर तो हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या नावांनी मिळतो. उतरवताना नाव नीट वाचा. घाईत ‘टिरो देवनागरी हिंदी’ घेतला तर या परीक्षणातला सगळ्यात मोठा फायदा हातचा जातो. झिप उघडली की दोन टीटीएफ फाइली मिळतात, एक साधी आणि एक तिरपी. दोन्हींवर उजवी टिचकी मारून इन्स्टॉल करा. परवाना ओपन फाँट लायसन्स आहे, म्हणजे व्यावसायिक कामात वापरा, पीडीएफमध्ये भरा, संकेतस्थळावर चढवा, कुणाला पैसे द्यायचे नाहीत. फक्त नुसता फाँट विकायचा नाही.

आता तो मोठा फायदा. युनिकोडमध्ये ल एकच आहे, क्रमांक ०९३२. श एकच, ०९३६. दंडाचा हिंदी ल आणि पाकळ्यांचा मराठी ल यांना वेगळे क्रमांक नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण अक्षर एकच आहे, वळण निराळे. मराठी वळण कोणते हे राज्य सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने वर्णमालेसोबत दाखवून दिले आहे. बहुतेक चांगल्या फाँटांत दोन्ही वळणे भरलेली असतात, पण मराठी वळण तेव्हाच पुढे येते जेव्हा मजकुराला ‘भाषा: मराठी’ अशी खूण लावलेली असते. फाँटच्या आत यासाठी ‘लोकल’ नावाची सोय असते. ती भाषेची खूण वाचते आणि अक्षराचा आकार बदलते. खूण नसेल तर हिंदी ल येतो. लिब्रेऑफिसमध्ये खूण अक्षरांच्या संवादपेटीतून लावायची, पानांची मांडणी करणाऱ्या इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनेलमधून, वेबपानावर पानाच्या भाषेच्या नोंदीत ‘एमआर’ लिहून. एकेका ठिकाणी ही खूण राहते. मग अहवालाच्या मुखपृष्ठावर ‘कोल्हापूर’ मराठी ल घेऊन आणि आतल्या पानांवर हिंदी ल घेऊन छापले जाते, आणि छपाई झाल्यावरच ते कुणाच्या तरी डोळ्यांत भरते.

टिरोच्या मराठी फाइलीत हा घोळ मुळातच नाही. मराठी वळण हेच तिचे मूळ वळण आहे. भाषा लावा, लावू नका, जुने सॉफ्टवेअर असो की मोबाइल, ल आणि श मराठीच येतात. ‘लोकल’ची सोय न समजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काम करणाऱ्यांना याची किंमत कळेल. एक इशारा मात्र हवा. हाच मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला तर तिथे ल पुन्हा हिंदी वळणाचा दिसू शकतो. घाबरायचे कारण नाही. क्रमांक तोच आहे, तिथला फाँट वेगळा आहे.

अक्षरांचा घाट जुन्या खिळ्यांच्या छपाईची आठवण देणारा, जाड-बारीक रेषांतला फरक स्पष्ट, आणि जोडाक्षरे नीट बसवलेली. ‘श्श्य’ अंगावर येत नाही, ‘द्घ’ सुटा पडत नाही. ओळींमध्ये जागा थोडी सढळ हवी: १२ पॉइंट अक्षराला १८ पॉइंटांचे अंतर ठेवले तर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडत नाहीत. १० पॉइंटाखाली, विशेषतः स्वस्त कागदावर, बारीक रेषा शाई पिऊन टाकतात किंवा तुटतात. तळटीपांना साडेनऊच्या खाली जाऊ नये.

उणीव एकच, पण मोठी. ठळक वळण नाही. साधे आणि तिरपे, संपले. वर्डमध्ये ‘बी’चे बटण दाबले की अक्षर ठळक झालेले दिसते, पण ते खोटे असते: प्रोग्रॅम त्याच आकाराला बाहेरून जाडी चढवतो. मग ष आणि क्ष यांच्या पोटातली पोकळी भरते, ‘महालक्ष्मी’ लांबून काळा ठिपका दिसते. मथळ्याला वेगळा फाँट घ्यावा. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ सात जाड्यांत मिळतो, त्यातली सहाशे किंवा सातशेची जाडी टिरोच्या मजकुरावर चांगली बसते. ठळक हवेच आणि घराणे बदलायचे नसेल तर टिरो तुमच्या कामाचा नाही. आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ बघा, त्यात साधे आणि ठळक दोन्ही आहेत, आणि वैदिक स्वरचिन्हेही. मंत्र छापायचे असतील तर तोच घ्यावा.

आता र. कोल्हापूरकरांना याचा त्रास इतरांपेक्षा जास्त, कारण आजरा हा तालुकाच असा की विभक्ती लावली की अडचण सुरू. सूर्यवंशी आणि कुऱ्हाडे ही दोन आडनावे शेजारी लिहून पाहा. पहिल्यात र डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात तो आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो. उच्चारही वेगळा, अर्थही: ‘आचार्यांना’ बोलावले तर गुरुजी येतात, ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर जेवण येते. संगणकाला हा फरक कळायचा तर दोन वेगळे क्रमांक लागतात. रफारासाठी साधा र, ०९३०, आणि हलंत, म्हणजे पाय मोडल्याची खूण. आडव्यासाठी नुक्त्याचा, म्हणजे खाली ठिपका असलेला ऱ, ०९३१, आणि हलंत.

या ०९३१ ची गंमत अशी की तो मराठीसाठी ठेवलेलाच नव्हता. युनिकोडच्या देवनागरीची मांडणी भारतीय मानकाच्या, इस्कीच्या, तक्त्यावरून आली. त्या तक्त्यात सगळ्या भारतीय लिप्या एकाच सारणीत समोरासमोर बसवल्या होत्या. तमिळसारख्या द्राविडी भाषांमधले ऩ, ऱ, ऴ देवनागरीत लिहिता यावेत म्हणून त्यांना घरे मिळाली. मराठीचा आडवा र त्यांतल्या एका घरात भाडेकरू म्हणून राहतो. युनिकोडमधले त्याचे इंग्रजी नाव ‘आरआरए’. ळचे नाव ‘एलएलए’, ऴचे ‘एलएलएलए’. ट, ड, ण, ष, ळ यांची नावे अक्षर दुप्पट करून केलेली आहेत, ती मूर्धन्य म्हणून. ऱ मूर्धन्य नाही, तरीही त्याच पद्धतीने दुप्पट. नाव पटले नाही तरी बदलता येत नाही. युनिकोडचा नियमच असा की एकदा छापलेले नाव कायमचे, त्यात चूक असली तरी. म्हणून नावावर विसंबू नका, क्रमांक पाहा.

क्रमांक पाहण्याची सोय हातात आहे. वर्डमध्ये अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा. अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक येतो. पुन्हा दाबा, अक्षर परत. लिब्रेऑफिसमध्येही हीच कळ. क्रमांक सोळाच्या मोजणीतले असतात, त्यामुळे त्यांत ए ते एफ अक्षरेही येतात.

इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ्य’ असा येतो: शिफ्टसह जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ. हे माहीत नसलेले दुसऱ्या वाटेने जातात: साधा र, हलंत, आणि त्यानंतर झेडडब्ल्यूजे नावाचा न दिसणारा जोडक, क्रमांक २००डी. टिरोमध्ये दोन्ही रीतींनी ‘पांढऱ्या’ तंतोतंत सारखा दिसतो. फाँट म्हणून हे कौतुकाचे, पण इथेच खड्डा आहे. डोळ्याला फरक दिसत नाही आणि शोधाला दिसतो. अहवालात दोन ऑपरेटरांनी टंकलेखन केले असेल तर ‘कुऱ्हाडे’ शोधल्यावर निम्मेच सापडतात. आणि तो जोडक नाजूक असतो. मजकूर ऑनलाइन अर्जात किंवा साध्या मजकुराच्या चौकटीत चिकटवला की काही ठिकाणी तो गळतो. उरते ते ‘पांढर्या’. खानावळींच्या पाट्यांवर, बातम्यांत, सगळीकडे दिसणारी ही चूक लिहिणाऱ्याच्या शुद्धलेखनाची असतेच असे नाही.

इलाज सोपा. शोधा-बदला उघडा. शोधायच्या चौकटीत र, हलंत आणि २००डी लिहून ऑल्ट-एक्सने केलेला जोडक एकत्र चिकटवा. बदलायच्या चौकटीत ऱ आणि हलंत. सगळे एकदम बदला. फक्त नुसता जोडक शोधून पुसू नका, कारण क्ष तोडून अर्धा क दाखवण्यासारख्या ठिकाणी तो मुद्दाम घातलेला असतो.

मॅकवर तयार झालेल्या फाइलींच्या नावांत तिसरा प्रकार सापडतो: साधा र आणि वेगळा नुक्ता. ०९३१ ची ती फोड आहे आणि युनिकोडच्या दृष्टीने दोन्ही एकच. चांगला प्रोग्रॅम त्यांना एकच मानतो, साधा प्रोग्रॅम मानत नाही.

ॲच्या बाबतीत मात्र असा समेट नाही. मराठीचा ॲ, क्रमांक ०९७२, युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधी लोक दोनांपैकी एक करायचे: अ लिहून त्यावर चंद्र द्यायचे, किंवा हिंदीचा ऍ वापरायचे, जो मुळात ए वर चंद्र आहे, क्रमांक ०९०डी. हे तिन्ही युनिकोडच्या लेखी तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकमेकांत बदलत नाहीत. अ आणि चंद्र ही जोडी तर वापरू नये असे मानकातच आहे; त्यामुळे आजचे ब्राउझर बऱ्याचदा दोघांमध्ये ठिपक्यांचे वर्तुळ घालतात. टिरोमध्ये वर्तुळ दिसले म्हणून फाँटला दोष देऊ नका, ते वर्तुळ ‘इथे जोडी चुकली आहे’ असे सांगत असते. वर्डच्या शोधा-बदलामध्ये अ-चंद्र जोडीच्या जागी ०९७२ घालून सगळे एकदम बदलले की ‘ॲडव्होकेट’, ‘ॲकॅडमी’, ‘ॲपे’ सगळे मार्गी लागते.

वर्डचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ समजतो आणि तिचा फाँट व आकार रोमनपेक्षा वेगळा लक्षात ठेवतो. शैली बनवताना फक्त वरच्या चौकटीत टिरो निवडला तर इंग्रजी आकडे टिरोत आणि मराठी मजकूर भलत्याच फाँटमध्ये, भलत्याच आकारात, असे होते. कंट्रोल-डी दाबून कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची चौकट वेगळी भरायची. लिब्रेऑफिसमध्ये हीच चौकट सीटीएल नावाने असते. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावल्याशिवाय कोणताही युनिकोड फाँट नीट जुळत नाही: वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते, हलंत उघडे दिसतात. पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या प्रोग्रॅमवर मात्र प्रयत्न करूच नका. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ ची. युनिकोड त्यात नाही.

शिवाजी विद्यापीठात बोलीभाषांवर प्रबंध लिहिणाऱ्यांचा प्रश्न थोडा निराळा. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च वेगळे दाखवायचे तर देवनागरीत च खाली नुक्ता देण्याची पद्धत आहे, टंकलेखनात च, मग ०९३सी. आंतरराष्ट्रीय ध्वनिचिन्हे हवी असतील तर एसआयएल संस्थेचे ‘शॅरिस’ किंवा ‘डूलोस’ हे युनिकोड फाँट घ्या आणि ध्वनिचिन्हांसाठी वेगळी शैली करा. त्याच संस्थेचा जुना ‘आयपीए ९३’ फाँट अजून कुणाच्या संगणकावर असेल तर तो टाळा. त्यात चिन्हे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली आहेत. उलट्या ई सारखी दिसणारी दोन चिन्हे आहेत. ध्वनिशास्त्रातला श्वा, म्हणजे ‘अ’सारख्या स्वराचे चिन्ह, ०२५९ आहे. ०१डीडी हे आफ्रिकी भाषांच्या लेखनासाठीचे अक्षर. छपाईत फरक नाही, शोधात आणि मोठ्या अक्षरात आहे. दीर्घत्वाच्या चिन्हालाही स्वतःचा क्रमांक आहे, ०२डी०. अपूर्णविराम टाकून काम भागवले की परीक्षक पकडत नाहीत, पण संगणक पकडतो.

आता छापखान्यांतला खरा डोंगर: जुन्या फाइली. दूधसंस्था, पतसंस्था, विकास सोसायट्यांचे अहवाल दरवर्षी सप्टेंबरच्या सभेआधी मागच्या वर्षीच्याच फाइलीवर बेतले जातात, आणि ती फाइल श्री-लिपी, शिवाजी, सुरेख, कृतीदेव अशा आठ बिटी फाँटांत असते. त्यांत २५६ पेक्षा जास्त घरे नाहीत, म्हणून अक्षरे तोडून इंग्रजी अक्षरांच्या घरांत भरलेली. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नाहीच. फाँट बदलून टिरो लावला की इंग्रजी अक्षरांचे कडबोळे दिसते. अशा फाइलीच्या पीडीएफमधून मजकूर उचलला तरी तेच, कारण आतल्या नोंदीत कान्याचे नाव कुठल्या तरी युरोपीय अक्षराचे असते आणि पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅम त्या नावावर विश्वास ठेवतो. युनिकोड फाँटात आकाराचे नाव ‘युनि’ आणि क्रमांक अशा पद्धतीने दिले असेल तर याच वाटेने अक्षर परत मिळते. फाँटफोर्ज या फुकट प्रोग्रॅममध्ये कोणताही फाँट उघडून ही नावे पाहता येतात.

अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना फाँटचे नेमके नाव परिवर्तकाला, म्हणजे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला, द्यावे लागते. प्रत्येकाचा नकाशा वेगळा. त्यानंतरही दोन चुका ठरलेल्या. जुन्या फाँटात रफार अक्षर काढून झाल्यावर टंकला जायचा. कच्चा परिवर्तक त्याला एकच अक्षर मागे नेतो, संपूर्ण जोडाक्षरामागे नाही. त्यातून ‘विद्याथ्र्यांना’ आणि ‘कार्यकत्र्यांनी’ जन्माला येतात. ‘थ्र्य’ शोधून सरळ ‘र्थ्य’ करा. ‘त्र्य’ मात्र एकेक पाहूनच बदला, नाहीतर ‘स्वातंत्र्य’ही बिघडेल. दुसरी चूक वेलांटीची: ती अक्षराआधी टंकलेली असते, आणि अर्ध्या अक्षरापुढे अडकली की ‘परिस्थिती’ची ‘परिसि्थती’ होते. वेलांटी आणि लगेच हलंत हा क्रम मराठीत कुठेच येत नाही, म्हणून तेवढाच शोधला की अशी सगळी ठिकाणे हाती लागतात. हे सगळे टिरो लावण्याआधी करायचे.

फ्लेक्स किंवा लग्नपत्रिकेसाठी फाइल बाहेर द्यायची असेल तर समोरच्याकडे टिरो असेलच असे धरू नका. अक्षरांचे कर्व्ह करून द्या. कर्व्ह केले की ते अक्षर राहत नाही, नुसते चित्र उरते, तेव्हा कर्व्ह न केलेली प्रत ‘मूळ’ असे नाव देऊन आपल्याकडे ठेवा. पुढच्या वर्षी तारीख बदलायला तीच लागते.